फायटर मासा पाळायचा तर टाकी कोणती घ्यायची, आपल्या इकडच्या उन्हात अन् पाण्यात

पोरगं बाजारातून पिशवीत फायटर मासा घेऊन दारात उभं राहते अन् मग घरात भांडं शोधणं सुरू होते. लोणच्याची बरणी, मिठाईचा डबा, कोणाच्या लग्नात आहेरात आलेला काचेचा वाडगा. आमच्याकडे, इकडे वऱ्हाडात दर्यापूरकडे, पण असंच झालं होतं. भाच्याने अकोल्याहून निळा फायटर आणला, दुकानात तो चहाच्या ग्लासाएवढ्या डब्यात होता अन् दुकानदाराने सांगितलं की याला एवढंच पाणी पुरते, दुसरं काही लागत नाही. आम्ही आपलं त्यातल्या त्यात मोठं म्हणून दोन लिटरच्या बरणीत ठेवला. एप्रिल कसाबसा निघाला. मे मध्ये एका दुपारी पाहतो तर मासा तळाशी आडवा, बरणीला हात लावला तर आंघोळीच्या पाण्यासारखी कोमट. भाचा काही बोलला नाही, नुसता बरणीपाशी बसून राहिला बराच वेळ. त्या दिवसापासून मला कोणी फायटरबद्दल विचारलं की मी आधी टाकीचं विचारतो, माशाचा रंग अन् शेपटी मागाहून.

आता डब्यात तो जगतो कसा हे आधी समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथूनच आहे. फायटरला (बेटा मासा म्हणतात तो हाच) कल्ले तर असतातच, पण त्यांच्या वरच्या अंगाला डोक्यात एक घड्याघड्यांचा अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात त्याला. मासा थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तोंडाने हवा घेतो ती तिथे जाते. आपल्याकडची मरळ, मागूर, शिंगी हे पण वरची हवा घेणारेच मासे आहेत, म्हणून तर मरळ बाजारात थोड्याशा पाण्यात तासन् तास जिवंत दिसते. पण मरळ बादलीत जिवंत दिसली म्हणून बादली तिचं घर झाली असं आपण म्हणत नाही ना, मग फायटरबद्दल कावून म्हणायचं? हवा तो वरून घेतो, पण अंग तर चोवीस तास त्या पाण्यातच असते, त्याच्याच घाणीत, अन् ते पाणी तापलं की तोही तापतो.

हा मासा मूळचा थायलंडकडचा. तिथे त्याला प्ला कट म्हणतात अन् 2019 मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. तिकडे तो धानाच्या शेतात, दलदलीत, संथ पाण्यात राहतो. आमचे मामाजी भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे असतात, त्यांचा धान आहे, पावसाळ्यात तिकडच्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) पाहिल्या की फायटरचं घर कसं असेल ते डोळ्यांपुढे येते. पाणी पोटरीपर्यंत, पण बांधी केवढी पसरलेली, मधात धानाचे बुडखे, कडेला गवत, लपायला हजार जागा अन् पाण्याला जोर म्हणाल तर अजिबात नाही. लोक "उथळ पाण्यातला मासा" ऐकतात अन् वाटी आणतात. उथळ म्हणजे थोडं नाही हो. टाकी निवडताना ही बांधी डोक्यात ठेवली तर अर्धं काम तिथेच होते: उंचीपेक्षा पसारा जास्त, धार नको, आडोसा पाहिजे.

आता किती लिटर. एका फायटरला कमीत कमी वीस लिटर पाणी धरा, अन् आपल्या इकडे पंचवीस-तीस लिटर असलं तर लय चांगलं. इंटरनेटवर पाच गॅलन पाच गॅलन दिसते ते साधारण 19 लिटर होते. दहा लिटरमध्येही लोक ठेवतात अन् जो माणूस नेमाने लक्ष देतो त्याचा मासा तिथे राहतोही, पण कापूस वेचणीला आला, सोयाबीन काढायला आलं की आपल्या घरात माणसांच्या जेवणाची वेळ ठरलेली राहत नाही तर माशाच्या पाण्याची कुठून राहणार. मोठ्या टाकीला एखादी चूक सहन होते, छोटीला होत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं सडते त्यातूनही अमोनियाच निघतो, तो दोन लिटरमध्ये मिसळला तर विष अन् पंचवीस लिटरमध्ये मिसळला तर पुढच्या रविवारपर्यंत निभावते, एवढाच हिशोब आहे.

अन् दुसरा हिशोब तापमानाचा, जो पुण्या-मुंबईच्या माणसाला तेवढा लागत नाही. फायटरला 24 ते 28 अंश मानवते. आपल्याकडे मे मध्ये बाहेर 45 च्या वर जाते अन् डिसेंबर-जानेवारीत रात्री 10 च्या आसपास उतरते, कधी त्याच्याही खाली. कपातला चहा निवतो तेव्हा गंजातला चहा अजून वाफाळत असतो, पाण्याचंही तसंच, थोडं पाणी लवकर तापते अन् लवकर गार होते. मागच्या उन्हाळ्यात मी एकाच टेबलावर दोन लिटरची बरणी, नुसत्या पाण्याची, अन् माझी 27 लिटरची टाकी शेजारी शेजारी ठेवली अन् काचेच्या थर्मामीटरने पाहत गेलो. सकाळी सहाला दोन्हीकडे 29 च्या आसपास. दुपारी चारला बरणीत 36, टाकीत 31. खोली तीच, टेबल तेच, वर पत्रेही तेच. 31 पण जास्तच आहे, पण त्यात मासा सुस्त होऊन दिवस काढतो, 36 मध्ये जिवावर बेतते.

तिसरी गोष्ट पाणी भरायची. आमच्या इकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, कधी आठही होतात. लोकांना वाटते मोठी टाकी म्हणजे जास्त पाणी लागणार, तर उलटं आहे. 27 लिटरच्या टाकीत फिल्टर चालू असला तर आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे सहा-सात लिटर पाणी बदललं की झालं, अर्धी बादलीही नाही. दोन लिटरच्या बरणीचं पाणी दिवसाआड बदलावं लागते, ते पण जवळपास सगळं, अन् दर वेळेस माशाला नवं पाणी नवं तापमान, त्या धक्क्यानेच तो खंगतो. म्हणजे ज्याच्याकडे वेळ कमी अन् पाणी मोजकं त्याने तर मोठीच टाकी घ्यायला पाहिजे.

दुकानात टाकीवर लिटर लिहिलेले असतात त्यावर जाऊ नका, टेप घेऊन जा. लांबी, रुंदी अन् पाण्याची उंची इंचात मोजून तिघांचा गुणाकार करा अन् 61 ने भागा, लिटर निघतात. सेंटीमीटरमध्ये मोजलं तर 1000 ने भागा. 18 इंच लांब, 10 इंच रुंद, 12 इंच उंच टाकीत पाणी 10 इंचापर्यंतच भरायचं (वरचे दोन इंच का सोडायचे ते पुढे सांगतो), मग 18 गुणिले 10 गुणिले 10, म्हणजे 1800, भागिले 61, साडेएकोणतीस लिटर. त्यातून रेती-गोट्यांची जागा गेली की 26-27 उरते. माझी टाकी याच मापाची आहे अन् कोणी विचारलं तर मी हेच माप सांगतो.

आकाराचं म्हणाल तर गोल बाउल नको म्हणजे नको. तोंड निमुळतं असल्याने वर भरला की पाण्याचा वरचा पसारा अजून कमी होते, फिल्टर-हीटर बसत नाही, झाकण मिळत नाही, अन् वाकड्या काचेतून माशाला बाहेरचं सगळं वेडंवाकडं दिसते. उभ्या टॉवरसारख्या टाक्या दिसायला छान असतात, त्याही फायटरला नकोत. हाफमून, क्राउनटेल या लांब पंखांच्या जाती तर अंगावर ओला शालू घेतल्यासारख्या पोहतात, दर वेळेस दीड-दोन फूट वर येऊन हवा घ्यायची अन् परत खाली जायचं यात त्या थकतात. पाण्याची उंची आठ ते दहा इंच भरपूर झाली. आखूड शेपटीच्या जातीला (दुकानात तिलाच प्लाकट म्हणतात) थोडी जास्त चालेल. एकाच टाकीत मधात काच लावून दोन नर ठेवायच्या टाक्या पण विकतात, आरपार काच असते ती, ते दोघं दिवसभर एकमेकांना पाहून कल्ले फुगवून असतात, खाणं सोडतात. एका टाकीत एकच नर. मादी पण त्याच्यासोबत कायमची ठेवायची नसते, फक्त पिल्लांसाठी थोड्या दिवसांपुरती, अन् ते काम नवीन माणसाचं नाही.

तयार टाकी शहरातून आणायची की इथेच करून घ्यायची? मी करून घेतली, तालुक्याला फोटो फ्रेमवाल्या काचवाल्याकडून. 18 बाय 10 बाय 12 ला तळ अन् चार बाजू मिळून सहा स्क्वेअर फुटाच्या आत काच बसते, वरचं झाकण धरलं तर सव्वासात. त्यामुळे काचवाला काय भाव लावून राहिला ते तुम्हाला तिथल्या तिथे समजते. काच 5 एमएमची सांगा. एवढ्या टाकीला 4 एमएमवरही काम निघते, पण काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीने वाढतो, लांबीने नाही, अन् 5 असली की घरात लहान लेकरं, म्हातारी माणसं वावरताना निश्चिंती राहते. कडा घासून घ्यायला सांगा, हात कापतात नाहीतर. सिलिकॉन साधं पारदर्शक, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं. बाथरूमसाठी बुरशी लागू नये म्हणून औषध मिसळलेलं सिलिकॉन येते, ते घेऊ नका, ते औषध पाण्यात उतरते. ट्यूब वाचून पहा, काचवाला म्हणेल "काही होत नाही भाऊ, सारखंच असते", तरी वाचा.

सिलिकॉन लावल्यावर दोन दिवस टाकी हलवायची नाही. आणताना मोटरसायकलवर मागच्या माणसाच्या मांडीवर गोधडी घालून आणा, आमची तशीच आली, गतिरोधकाला दोन्ही पाय टेकत टेकत. घरी आणली की अंगणात सपाट जागेवर थर्माकोल टाकून त्यावर ठेवा, खाली जुना पेपर पसरा अन् काठोकाठ भरून चोवीस तास ठेवा. पेपर कोरडा राहिला तर टाकी पास. एखाद्या कोपऱ्यात पेपर ओला दिसला तर पाणी काढा, पूर्ण वाळवा, अन् आतून तिथे पुन्हा सिलिकॉन लावून घ्या. हे पाणी फेकून द्या, परत एकदा साध्या पाण्याने खंगाळा. साबण, निरमा, भांड्याची पावडर काहीच नाही, डाग असला तर मिठाने घासा.

अॅक्रिलिकची टाकी हलकी असते, पडली तर सहजी फुटत नाही, पण आमच्यासारख्यांनी घेऊ नये. मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. या पाण्याचा पांढरा क्षार काचेवर पाण्याच्या रेषेला जमतो, तो ब्लेडने खरवडावा लागतो अन् अॅक्रिलिकवर ब्लेड फिरवला की ओरखडेच ओरखडे, सहा महिन्यांत मासा दिसत नाही. काचेला काही होत नाही. प्लास्टिकच्या टबातही फायटर मजेत राहतो, स्वयंपाकाच्या धान्याचा मोठा डबा असेल तर चालते. पण रंगाचा ड्रम अन् फवारणीच्या औषधाचा कॅन, कितीही धुतलेला असो, त्याला हात लावू नका.

पाण्याचं निघालंच आहे तर सांगतो, कारण किती लिटरची टाकी परवडते ते यावरच ठरते. फायटरला मध्यम जड पाणी चालते, खारट चालत नाही. आता गावोगावी आरओचे प्लांट झाले, वीस लिटरचा कॅन मिळते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते) मोजायचा मीटर छोटासा येतो, एकाकडे असला तर गल्लीभर पुरते. समजा बोअरचा टीडीएस 1200 अन् आरओचा 50, तर एक भाग बोअर अन् तीन भाग आरओ मिसळलं की साडेतीनशेच्या आत येते, ते ठीक. नुसतं आरओ घालू नका, त्यात काहीच उरलेलं नसते, पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा) धरून ठेवायला लागणारे क्षारही नसतात अन् तो एकदम खाली घसरतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून कमी होते तेव्हा भर मात्र नुसत्या आरओची द्या. उडते ते पाणी, क्षार मागेच राहतात, त्यावर पुन्हा बोअरचं ओतत गेलं तर जूनपर्यंत टाकीत बाहेरच्यापेक्षा जास्त खारट पाणी तयार होते. पावसाचं पाणी पण छान, पहिले दोन-तीन पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्या मग धरा. नळाचं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून वापरायचं म्हणजे क्लोरीन उडते, किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचे. अन् पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची) पावडर टाकतात त्या दिवशीचं अन् दुसऱ्या दिवशीचं पाणी घेऊच नका.

टाकी ठेवायची कुठे हे टाकी घ्यायच्या आधी ठरवा, नंतर नाही. भरली की रेती, काच, पाणी मिळून पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जाते, एकदा ठेवली की ठेवली. जुन्या मातीच्या घरात कोनाडा मोठा असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, जाड भिंत, दुपारीही गार. कवेलूची खोली पत्र्याच्या खोलीपेक्षा बरी. पत्र्याचीच असेल तर टाकी जमेल तेवढी खाली, उंच कपाटावर अजिबात नाही, गरम हवा वर जमते. खिडकीतलं ऊन थेट पडायला नको, पाणी तापते अन् शेवाळ हिरवंगार होते. कूलरच्या खोलीत ठेवा पण कूलरच्या तोंडापुढे नको, खस अन् कूलरच्या पाण्याचे शिंतोडे उडतात. चुलीच्या खोलीत नको. अन् ज्या खोलीत कापूस भरून ठेवता तिथे तर नकोच. आमच्याकडे एका वर्षी भाव नव्हता म्हणून फेब्रुवारीपर्यंत कापूस घरात होता, टाकी त्याच खोलीत, तर रोज सकाळी पाण्यावर तंतूंची अन् धुळीची पातळ साय धरलेली असायची. मासा हवा घ्यायला वर येतो तो त्या सायीतच तोंड घालतो. पेपरचा तुकडा पाण्यावर अलगद ठेवून उचलला की साय निघते, पण रोज कोण करणार, टाकीच हलवली शेवटी.

झाकण. वरचे दोन इंच सोडायचे ते याच्यासाठी, फायटर चांगला उडी मारणारा मासा आहे, अन् त्याला हवा घ्यायला झाकण अन् पाणी यांच्यात मोकळी जागा पण पाहिजे. मी दोन झाकणं केली आहेत. हिवाळ्याचं काचेचं, म्हणजे आतली हवा पण उबदार राहते, बाहेर 10 अंश असताना एकदम गार हवा आत घेतली तर त्याला त्रास होते. उन्हाळ्याचं लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणलेलं, त्यातून वाफ निघून जाते अन् पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, माठाचं पाणी गार होते तोच प्रकार. दुपारी टेबलफॅन जाळीवर तिरपा लावला तर अजून उतरते. टाकीच्या तीन बाजूंना ओलं गोणपाट गुंडाळलं तरी फरक पडतो. लय तापलं तर गोठवलेल्या पाण्याची छोटी बाटली पाण्यावर सोडा, बर्फ थेट पाण्यात टाकू नका, अन् एका वेळेस दोन अंशांपेक्षा जास्त खाली आणू नका. हिवाळ्यात 25 वॅटचा हीटर या मापाच्या टाकीला बसतो, घर फारच गार असेल तर 50 चा, पण आपोआप बंद होणारा थर्मोस्टॅटवालाच. रात्री लाइट गेली की टाकीला गोधडी गुंडाळायची, म्हणजे पहाटेपर्यंत पाणी हळूहळूच उतरते.

फिल्टर स्पंजचा घ्या, एअरपंपवर चालणारा. मोटरवाल्याची धार जोरात असते, लांब पंखांचा मासा तिच्याशी झगडतच राहतो. ट्यूबला छोटा व्हॉल्व्ह लावून बुडबुडे हळू करा. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा किंवा ट्यूबमध्ये नॉनरिटर्न व्हॉल्व्ह टाका, कारण लाइट गेली की टाकीतलं पाणी ट्यूबमधून उलटं पंपात येते, पंप जळतो अन् टेबल भरून पाणी. आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. लाइट नसताना फायटर हवेवर निभावून नेतो, हा त्याचा मोठाच गुण.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडे फवारणीचे दिवस. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांसाठी फार जहरी असतात, अगदी थोडीही. फवारून आलेल्या माणसाने त्याच हातांनी टाकीत हात घातला, फवारणी पंपाचं नोझल त्या खोलीत ठेवलं, ओले कपडे टाकीवरच्या दोरीवर टाकले, एवढंही पुरते. अन् मच्छरांची कॉइल, लिक्विड, स्प्रे यांतही त्याच गटातलं औषध असते. एअरपंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे कॉइलचा धूर आपण स्वतःच्या हाताने पाण्यात कालवून राहिलो असतो. म्हणून टाकी झोपायच्या खोलीत कॉइलपाशी ठेवू नका. गावात डासांसाठी धूर मारणारी गाडी आली की पंप बंद करा अन् टाकीवर ओली चादर टाका, धूर निवेपर्यंत. टाकीचं काम करणारं घरातलं एकच माणूस ठरवा, फवारणीला न जाणारं. आमच्याकडे ते माय करते.

आतमध्ये काय, तर तळाला अर्धा-पाऊण इंच धुतलेली नाल्याची जाड रेती, एक कुंडीचा मऊ कडांचा तुकडा किंवा छोटं मडकं आडवं, अन् वनस्पती. दुकानातली प्लास्टिकची झाडं टोचतात, पंख फाटतात, स्त्रियांची जुनी नायलॉन साडी त्यावर फिरवून पहा, धागा अडकला तर मासाही अडकेल. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत हायड्रिला नावाची पाणवनस्पती भरपूर असते, आपल्याकडच्या तळ्यातही मिळते. आणून आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, गोगलगायी, जळवा निघून येतात. शेताला लागून असलेल्या डबक्यातलं फवारणीच्या दिवसांत आणू नका. अन् शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असतेच, त्याचं लाल होऊन गळलेलं, पूर्ण वाळलेलं एक पान धुऊन टाकीत सोडा. पाणी फिकट चहासारखं होते, घाबरू नका, फायटर मूळचा तसल्याच पाण्यातला.

हे सगळं झालं तरी मासा लगेच नको. स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनियाचं नायट्राइट होते, मग नायट्रेट, अन् नायट्रेट आठवड्याच्या पाणीबदलात निघून जाते. पाणी भरा, फिल्टर चालू करा, माशाच्या खाण्याचे दोन दाणे रोज टाका म्हणजे जिवाणूंना खायला मिळते. कोणाची जुनी चालती टाकी असेल तर त्याचा वापरलेला स्पंज मागून आपल्या टाकीत टाका, काम लवकर होते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळून, नळाखाली नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. भाचा त्या वेळेस रोज विचारायचा, "मामा, आता आणू का?" अन् मी म्हणायचो "थांब गा थोडा". पाच आठवडे थांबला तो पोरगा. त्या टाकीतला लाल फायटर तीन वर्षांच्या वर राहिला.

मासा आणायचा तो सकाळच्या एसटीने, दुपारच्या नाही. पिशवी न फोडता टाकीत वीस मिनिटं तरंगू द्या, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, अन् मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. वायर अन् ट्यूबसाठी झाकणाचा एक कोपरा कापलेला असतो, तिथे स्पंजचा तुकडा खोचा, अंगठ्याएवढ्या फटीतूनही तो बाहेर येतो अन् पहिल्याच रात्री येतो. लाइट बंद ठेवा. खायला दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन दाणे.